समाधान कोणी कोणास सांगावे?

संतसज्जनांच्या चरणी मस्तक ठेवून आज एका अडचणीच्या विषयाला हात घालीत आहोत. विषय पैशाचा आहे. पैशावर बोलायचे म्हटले म्हणजे कीर्तनकाराचे काम वास्तविक फार सोपे. धन चंचल आहे, मरताना बरोबर काही येत नाही, आहे त्यात समाधान मानावे, एवढे बोलले की श्रोते माना डोलावतात, टाळकरी टाळ उचलतात आणि चाल सुरू होते. आम्हीही चाळीस वर्षे हेच करीत आलो. परंतु गेल्या काही वर्षांत दोन प्रसंग असे घडले की, आपण जे सांगतो ते आपल्याला तरी कळले आहे काय, असा प्रश्न आमच्यापुढे उभा राहिला. ते प्रसंग लपवून ठेवण्यापेक्षा वाचक भाविकांपुढे मांडावेत, हे बरे.

प्रश्न असा आहे. नोकरदाराला, मजुराला, शिक्षकाला, दुकानदाराला आपल्या कामात समाधान लाभते ते कशाने? वेतन वाढल्याने लाभते, की वेतनाचा विचार सोडल्याने लाभते?

पाठशाळेत आमच्या गुरुजींनी एक शिस्त लावली होती. सिद्धांत सांगण्यापूर्वी पूर्वपक्ष नीट मांडायचा. त्याप्रमाणे येथे दोन पक्ष दिसतात. एक पक्ष म्हणतो, "महाराज, पोटात अन्न नसेल तर समाधान कसले? पगार वाढवा, समाधान आपोआप येईल." दुसरा पक्ष म्हणतो, "लाखाने पगार घेणारे रात्री झोपेची गोळी घेतात, आणि आमच्या गावचा मेंढपाळ दगडावर डोके ठेवून घोरतो. समाधान मनाचे असते, त्याचा पैशाशी संबंध नाही." दोन्ही पक्ष ऐकताना खरे वाटतात. म्हणूनच भांडण सुटत नाही.

या ठिकाणी बृहदारण्यक उपनिषदातली एक गोष्ट आठवते. याज्ञवल्क्य घर सोडून निघाले तेव्हा मैत्रेयी आणि कात्यायनी या दोन्ही पत्नींमध्ये द्रव्याची वाटणी करून द्यावी, असे त्यांनी म्हटले. मैत्रेयीने विचारले, ही सारी पृथ्वी धनाने भरून माझी झाली तर त्याने मी अमर होईन का? ऋषींनी उत्तर दिले की, नाही. साधनसंपन्न माणसांचे जगणे असते तसे तुझे जगणे होईल, एवढेच. या उत्तरात धनाची निंदा नाही. धनाने काय साधते आणि काय साधत नाही, याची सीमारेषा मात्र त्यात स्वच्छ आखलेली आहे. आणखी एक गोष्ट पुष्कळांच्या ध्यानी येत नाही. याज्ञवल्क्य ब्रह्मज्ञानी होते, सर्वस्व सोडून निघाले होते; तरी त्यांनी बायकांना "तुम्हीही समाधान माना" असे म्हणून रिकाम्या हाताने ठेवले नाही. आधी वाटणीची गोष्ट काढली. मैत्रेयीने ते धन नको म्हटले ते तिने स्वतः म्हटले. हा धागा हाती धरून ठेवावा. पुढे त्याचा उपयोग आहे.

आता पहिला प्रसंग. आमच्या गुरूंनी आम्हाला माळ घालताना एक नेम सांगितला होता. कीर्तनाचे पैसे ठरवायचे नाहीत. यजमान नारळ देईल तर नारळ, पाकीट देईल तर पाकीट. तो नेम आम्ही आजवर पाळला, आणि खरे सांगायचे तर त्याचा थोडा अभिमानही बाळगला. एकदा पावसाळ्यात एका लहानशा वाडीत कीर्तन होते. पन्नासएक माणसे असतील. पत्र्यावर पाऊस कोसळत होता, पण मृदंगाचा हात असा काही लागला आणि माउलींचा विषय असा काही रंगला की, उत्तररंग संपूच नये असे वाटले. पुढे बसलेल्या एका म्हातारीने डोळ्याचा पदर शेवटपर्यंत काढला नाही. एवढा आनंद आम्हाला मोठमोठ्या मंडपांतही मिळालेला नाही. सकाळी एस. टी. त बसलो आणि पाकीट उघडले. आत एकवीसशे रुपये होते. आदल्या गावी अकरा हजार मिळाले होते. वाचकहो, लाज वाटते, पण सांगतो. त्या क्षणी रात्रीचा सगळा आनंद उतरला. मन म्हणू लागले, "एवढे घसा ताणून हेच काय?"

घरी येईपर्यंत विचार करीत होतो. पाकीट उघडण्यापूर्वी जे कीर्तन झाले होते, तेच पाकीट उघडल्यावरही झालेले होते. त्यातला एक शब्द कमी झाला नव्हता. म्हातारीचे अश्रू खोटे ठरले नव्हते. मग हरवले काय? आम्ही तोंडाने पैसे ठरवीत नव्हतो हे खरे, पण मनाने ठरवून बसलो होतो. नेम जिभेने पाळला होता. मनाने तो केव्हाच मोडला होता. आणि उलट बाजूने पाहा. पाकिटात एकवीस हजार असते तर आम्ही म्हटले असते, "काल कीर्तन फार छान झाले." म्हणजे तेव्हाही कीर्तनाचा आनंद गेलाच असता, फक्त तो गेल्याचे आमच्या ध्यानात आले नसते. कामाचे माप पैशाने घ्यायची सवय लागली की काम स्वतःच्या चवीने कळेनासे होते. ही गोष्ट जेवढी कीर्तनकाराची तेवढीच डॉक्टरची, मास्तरची, सुताराची आणि कचेरीतल्या कारकुनाची.

आमच्या टाळकऱ्यांत एक प्राध्यापक आहेत. त्यांना हे सांगितले तेव्हा ते म्हणाले, "महाराज, यावर तिकडे प्रयोग झालेले आहेत." आम्हाला इंग्रजी येत नाही, त्यांनी समजावून सांगितले ते असे. १९७१ साली एडवर्ड डेसी या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने कॉलेजातल्या विद्यार्थ्यांना ठोकळ्यांचे एक कोडे सोडवायला दिले. काहींना प्रत्येक उत्तरामागे पैसे दिले, काहींना दिले नाहीत. पुढे पैसे बंद केल्यावर, ज्यांना पैसे मिळाले होते ते मोकळ्या वेळात त्या कोड्याला पूर्वीपेक्षा कमी हात लावू लागले. ज्यांना काहीच दिले नव्हते त्यांची गोडी मात्र टिकून राहिली. २०१० साली काही अभ्यासकांनी पुष्कळ पाहण्यांचे निष्कर्ष एकत्र करून पाहिले, तेव्हा पगाराचा आकडा आणि कामातले समाधान यांचा संबंध आहे, परंतु तो फार थोडा आहे, असे दिसले.

हे ऐकून आम्हाला पैठणच्या नाथांची आठवण झाली. देवगिरीच्या किल्ल्यावर जनार्दनस्वामींच्या सेवेत असताना नाथ हिशेबाचे काम पाहत. एका रात्री एका पैचा मेळ लागेना. रात्र सरत आली, दिव्यात तेल घालून घालून शोध चालला, आणि चूक सापडताच नाथांनी आनंदाने टाळी वाजवली, ही कथा सर्वांना ठाऊक आहे. कीर्तनात आपण पुढचा भाग सांगतो. स्वामींनी म्हटले की, एका पैच्या चुकीने एवढा आनंद, तर संसाराची चूक सापडली तर केवढा होईल! तो भाग मोठाच आहे. पण अलीकडचाही भाग पाहावा. ती पै नाथांच्या खिशात जाणार नव्हती. रात्र जागल्याबद्दल कोणी जादा वेतन देणार नव्हते. हिशेब बरोबर यावा, एवढ्याचाच तो आनंद होता. गीतेच्या अठराव्या अध्यायात स्वकर्माने ईश्वराची पूजा करावी असे सांगितले आहे, आणि माउलींनी त्यावर जे निरूपण केले आहे, त्याचे चालते-बोलते उदाहरण म्हणजे ती टाळी.

येथपर्यंत आलो तेव्हा आम्हाला वाटले, झाला सिद्धांत. पैशाकडे पाहू नये, कामाकडे पाहावे, म्हणजे समाधान. हाच विषय आम्ही गावोगाव मांडू लागलो. लोकांनाही तो आवडला. पण त्या अमेरिकेतल्या विद्यार्थ्यांना कोडे सोडवून घर चालवायचे नव्हते, ही गोष्ट आमच्या ध्यानातून सुटली होती. ती आणून दिली दुसऱ्या प्रसंगाने.

तुकाराम बीजेनिमित्त एका बागायती गावी सप्ताह होता. शेवटचे दोन दिवस आमच्याकडे होते; रात्रीचे एक कीर्तन आणि सकाळी काल्याचे. रात्री समाधान या विषयावरच बोललो. पुढच्या रांगेत यजमान बसले होते. सप्ताहाची शेवटची पंगत त्यांची होती. ते सारखे मान डोलावीत होते. कीर्तन सुटल्यावर सगळे पांगले तेव्हा एक माणूस दूर उभा राहिलेला दिसला. यजमानांच्या शेतावरचा तो सालगडी होता. जवळ येऊन पाया पडला आणि म्हणाला, "म्हाराज, एक इचारू का? रागावणार न्हाई ना?"

आम्ही म्हटले, "विचार बाबा."

तो म्हणाला, "पाडवा जवळ आलाय. पाडव्याला आमचं साल ठरतं. काल मालकाला म्हनलं, औंदा साल वाढवून द्या. पोरगी शिकायला ठेवलीय, म्हातारी अंथरुणाला हाय. मालक म्हनले, बघू. आन् आत्ता कीर्तन सुटल्यावर मला म्हनले, ऐकलंस ना म्हाराज काय सांगत्यात? मानसानं समाधान ठेवावं." थोडा वेळ तो गप्प राहिला. मग म्हणाला, "तुमचं सांगनं खोटं न्हाई म्हाराज. पन ते माझ्यासाठी हुतं का मालकासाठी?"

आमच्याजवळ उत्तर नव्हते. शास्त्र शिकलो, गाथा पाठ केली, चाळीस वर्षे उभे राहिलो, आणि एका सालगड्याने आमच्या निरूपणातली चूक एका वाक्यात दाखवली. नाथांना एका पैची चूक सापडली म्हणून टाळी वाजली. आम्हाला आमची चूक सापडली तेव्हा झोप उडाली.

त्या रात्री तुकोबांचे चरित्र पुन्हा मनात फिरले. घरात वाण्याचा व्यवसाय, महाजनकी, सावकारी. इ. स. १६३० च्या सुमाराचा तो भयंकर दुष्काळ. पुढे तुकोबांनी कर्जखते इंद्रायणीत बुडवली. ही कथा आम्ही शेकडो वेळा सांगितली असेल. परंतु परंपरेने आलेल्या त्या कथेत एक बारीक तपशील आहे, तो आम्ही नेहमी घाईघाईने ओलांडून जात होतो. खते बुडवण्यापूर्वी तुकोबांनी त्यांचे दोन भाग केले. धाकटे बंधू कान्होबा यांच्या वाट्याची निम्मी खते त्यांच्या हाती दिली, आणि फक्त आपल्या वाट्याची निम्मी बुडवली. केवढा विवेक आहे हा! वैराग्याचा एवढा लोट आलेला, तरी तो भावाच्या वाट्यावर सोडला नाही. आपले सोडायचा अधिकार आपल्याला आहे; दुसऱ्याचे सोडून द्यायचा अधिकार आपल्याला नाही. याज्ञवल्क्यांनी वाटणीची गोष्ट काढली तिचेही मर्म हेच.

मग सिद्धांत असा ठरतो. समाधान हे आपण आपल्याला सांगायचे असते. दुसऱ्याच्या बाबतीत आपण न्याय पाहायचा असतो. मालकाने स्वतःच्या नफ्याविषयी समाधान बाळगावे आणि गड्याच्या सालाविषयी न्याय पाहावा. याच्या उलट झाले, म्हणजे नफ्यासाठी न्याय मागितला आणि गड्याला समाधान सांगितले, की संतांच्या नावाने चाललेली ती लबाडी होते. आणि तिला टाळ वाजवणारे आम्ही कीर्तनकार असतो.

चोखोबांची आठवण याच ठिकाणी होते. इ. स. १३३८ मध्ये मंगळवेढ्यास गावकुसाचे काम चालू असता भिंत कोसळली आणि तिच्याखाली मजुरांसह चोखोबा गेले, असे परंपरा सांगते. नामदेवरायांनी त्यांच्या अस्थी आणून महाद्वारी समाधी दिली. तेथे आपण आजही डोके टेकतो. त्या अस्थींतून विठ्ठलनामाचा ध्वनी येत होता, हे सांगताना आमचा कंठ दाटतो. पण जातीने नेमून दिलेले राबणे त्यांच्या वाट्याला का आले, हे विचारायला आम्ही थांबत नाही. चोखोबांचे समाधान हे चोखोबांचे मोठेपण होय. त्यांना राबवणाऱ्यांचे ते समर्थन होऊ शकत नाही. वेठबिगारी बंद व्हायला संविधानाचे २३ वे कलम यावे लागले आणि किमान वेतनाचा कायदा १९४८ साली करावा लागला, हे आम्हा निरूपणकारांना भूषणावह नाही.

आता कोणी शंका घेईल की, मग त्या सालगड्याने अधिक मागणे हा लोभ नव्हे काय? त्यानेही स्वतःपुरते समाधान पाळायला नको का? शंका योग्य आहे. आमच्या अल्पमतीला दिसते ते असे. या ठिकाणी दोन निराळे प्रश्न एकमेकांत गुंतलेले आहेत. "या कामात माझे मन रमते का?" हा एक प्रश्न, आणि "या कामाचा योग्य मोबदला मिळतो का?" हा दुसरा. पहिल्याचे उत्तर आपल्या अंतरात शोधायचे. दुसऱ्याचे बाजारभावात, घरच्या गरजेत आणि धन्याच्या ऐपतीत. सालगडी पहाटे उठून पाणी धरतो, बैलाच्या खांद्यावर हात फिरवतो, उभे पीक पाहून हरखतो. ते त्याचे समाधान. पाडव्याला तो साल वाढवून मागतो; तो त्याचा हक्क. दोन्ही एकाच माणसात सुखाने नांदू शकतात. घोटाळा होतो तो दोन प्रश्न एक केल्याने. मालक म्हणतो, "तुला कामाची आवड आहे ना, मग पैसे कशाला?" विनावेतन राबणाऱ्या तरुण शिक्षकाला हेच ऐकवतात. आणि उलट बाजूने नोकर म्हणतो, "पगार कमी आहे ना, मग काम वाईटच करणार." पहिला दुसऱ्याच्या आनंदाची चोरी करतो, दुसरा स्वतःच्याच आनंदाची चोरी करतो. तुकोबांनी धन जोडूच नये असे सांगितलेले नाही. चांगल्या व्यवहाराने जोडावे आणि मन अलिप्त ठेवून वेचावे, असा त्यांचा उपदेश आहे. हक्काचे मागण्यात दोष नाही; मिळालेल्या आकड्यावरून आपली आणि आपल्या कामाची किंमत ठरवण्यात दोष आहे. एस. टी. त बसून आम्ही केला तो हा दुसरा दोष.

एक गोष्ट राहिली. कीर्तनाच्या गावी जेवणाचीही अपेक्षा ठेवू नये, मानपान घेऊ नये, द्रव्य देणारा आणि घेणारा दोघेही दोषी, असा तुकोबांचा कडक दंडक आहे. गाडगे महाराजांनी तो आपल्या काळात जगून दाखवला. १९५६ साली देह ठेवीपर्यंत त्यांनी धर्मशाळा उभारल्या, पण स्वतःसाठी काही राखले नाही. हा दंडक केवळ वैराग्यासाठी आहे, असे आम्ही समजत होतो. त्या सप्ताहात त्याचे दुसरे कारण कळले. यजमानाचे अन्न पोटात आणि पाकीट खिशात असले की जीभ जड होते. कौटिल्याने अर्थशास्त्रात वेतनाची यादी दिली आहे. वर आचार्य, पुरोहित, मंत्री, सेनापती यांना ४८,००० पण, आणि उतरत उतरत खाली ६० पण. वरच्यांना एवढे का, तर त्यांनी आमिषाला बळी पडू नये आणि कोपू नये, असे तो सांगतो. वर-खाली एवढे अंतर असावे हे आम्हाला पटत नाही. परंतु पैशाने माणसाची निष्ठा कशी वळते हे त्याने ओळखले होते. त्याने पुरेसे देऊन ती राखायची म्हटली, तुकोबांनी काहीच न घेऊन राखायची म्हटली. आम्ही मात्र मधल्या वाटेने चालत आलो, आणि तीच वाट सर्वांत निसरडी आहे.

दुसऱ्या दिवशी काल्याचे कीर्तन झाले. काल्यात प्रत्येक गोपाळाची शिदोरी वेगळी, कोणाची लोणी-भात, कोणाची शिळी भाकर. पण देव सगळे एकत्र करून घासाला घास सारखा देतो. त्यावर बोललो, आणि तुकोबांच्या निम्म्या खतांची गोष्ट प्रथमच सावकाश सांगितली. यजमानांनी आज मान डोलावली नाही. प्रसाद घेतला, पाया पडले, पाकीट दिले. ते आम्ही घेतले, हेही कबूल करतो. नको म्हणायचे धैर्य झाले नाही. त्या गड्याचे साल वाढले की नाही, ते समजले नाही. पुढल्या वर्षी त्या गावचे निमंत्रण आले नाही.

तेव्हापासून दोन नेम केले आहेत. पाकीट आम्ही उघडत नाही; घरी मुलगा उघडतो, रक्कम वहीत लिहितो, आणि ते गाव कोणते हे आम्हाला सांगत नाही. दुसरा नेम असा की, निमंत्रण घेतानाच विचारतो. आमचे राहू द्या, पण मृदंगवादकाला काय देणार, आचाऱ्याला काय, मंडप बांधणाऱ्या पोरांना काय? आमच्या बिदागीपुरते समाधान आमचे. त्यांच्या मजुरीपुरता न्याय तुमचा-आमचा सर्वांचा.

आषाढीला निघणाऱ्या भाविकांना हात जोडून एवढीच विनंती आहे. दिंडीत आपण भाकरीच्या तुकड्यात समाधान मानतो, उघड्यावर झोपतो. ते आपले व्रत आहे. पण आपल्या पुढे जाऊन तंबू ठोकणारा गडी, टँकरचा ड्रायव्हर, भल्या पहाटे चूल पेटवणारा आचारी, मागे राहून कचरा उचलणारी बाई, यांनी ते व्रत घेतलेले नाही. ते कामाला आलेले आहेत. त्यांचा रोज ठरल्याप्रमाणे, वेळेवर आणि हातात पडला पाहिजे. पंढरीत पाऊल टाकण्यापूर्वी एवढा हिशेब पुरा करावा. मग विटेवरच्या त्या सावळ्याकडे पाहताना एका पैचीही चूक मनाला टोचणार नाही.

रामकृष्ण हरि.